परिचारिका आणि परक्यांच्या चालीरीति : एक ऐतिहासिक अवलोकन

धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकांत देवळाचा, धर्मगुरूंचा आणि शाळेचा इतिहास आवर्जून लिहिला जातो, व तें योग्यच आहे. परंतु आपल्या समाजांतील ज्या अनेक मुलींनीं परिचारिकेचा पांढरा पोषाख अंगीकारून इस्पितळांत आपलें आयुष्य वेंचिलें, त्यांच्या विद्येचा इतिहास अशा अंकांत क्वचितच आढळतो. आढळलाच तर त्यांत इमारती, औषधें आणि खाटांची संख्या यांचेंच वर्णन असतें. परिचारिकेची एक विद्या मात्र सहसा कोणत्याहि अहवालांत नोंदली जात नाहीं. ज्या रोग्याची भाषा, अन्न, लज्जा, भीति आणि धर्मही आपल्याहून निराळा आहे, त्याची सेवा त्याला अपमान न वाटतां कशी करावी, हें जाणण्याची ती विद्या होय.

ही विद्या तिला कोठें मिळते? पाठशाळेंत तिचा आरंभ होतो, हें खरें. पण ती अंगीं बाणते ती रोग्याच्या खाटेजवळ. तेथें रोगी हा गुरु असतो आणि परिचारिका ही शिष्या. शिवाय, ज्या संस्थेंत ती काम करते त्या संस्थेनें आपले नियम रोग्याकडे पाहून बदलण्याची तयारी ठेविली नाहीं, तर परिचारिका कितीहि सुशील असली तरी तिची विद्या अपुरीच राहते. या दोन्ही गोष्टी गेल्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासावरून स्पष्ट दिसून येतात. त्याचेंच थोडें अवलोकन येथें करावयाचें आहे.

प्लेगच्या दिवसांतील धडा

हें ज्ञान नसलें म्हणजे काय होतें, तें प्रथम पाहूं. त्याचें उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. इ. स. १८९६ मध्यें मुंबईस प्लेगची सांथ सुरू झाली. रोग्यास दाट वस्तींतून हलवून इस्पितळांत नेणें हा अधिकाऱ्यांस उचित उपाय वाटला. पण इस्पितळ म्हणजे काय, याविषयीं सामान्य लोकांची कल्पना अगदीं निराळी होती. तेथें परक्याच्या हातचें अन्नपाणी घ्यावें लागतें, आपलीं माणसें जवळ राहूं दिलीं जात नाहींत, आणि मरण आलें तर प्रेताचे संस्कारहि धड होत नाहींत, अशी भीति घरोघर पसरली होती. त्याच वर्षीं २९ ऑक्टोबर रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडवरील इस्पितळावर हल्ला केला. पुढें १८९८ च्या मार्च महिन्याच्या ९ तारखेस मुंबईंतील विणकर मुसलमानांच्या वस्तींत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली. पुण्यास १८९७ सालीं गोऱ्या शिपायांनीं घरांच्या झडत्या घेतल्या. स्वयंपाकघरांत व देवघरांत परके शिरले, परपुरुषांनीं बायकांची तपासणी केली, म्हणून लोकांचा संताप अनावर झाला. २२ जून रोजीं प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडण्यांत आली, हें सर्वविश्रुतच आहे. लोक आपले रोगी लपवूं लागले, आणि ज्या उपायानें सांथ आटोक्यांत यावयाची त्याच उपायानें ती झांकली जाऊं लागली.

याच काळांत दुसऱ्या प्रकारचें वर्तनहि दिसून आलें. पुण्यास सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या डॉक्टर पुत्राच्या दवाखान्यांत प्लेगच्या रोग्यांची स्वतः शुश्रूषा केली, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्या निधन पावल्या. त्या लोकांच्याच होत्या, म्हणून त्यांचा हात लोकांना परका वाटला नाहीं. मुंबईंत अधिकाऱ्यांनीं कांहीं काळानें निरनिराळ्या समाजांना स्वतःचीं प्लेग-इस्पितळें उघडण्याची परवानगी दिली. तेथें आपल्या माणसांच्या हातचें पाणी मिळूं लागतांच लोकांची भीति पुष्कळ अंशीं ओसरली. जातिभेदाचें समर्थन करण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, रोगाचें ज्ञान असून रोग्याचें ज्ञान नसेल तर उत्तम औषधहि रोग्याच्या ओठांपर्यंत पोंचत नाहीं.

गोषाच्या आड

दुसरा धडा स्त्रियांनीं शिकविला. हिंदुस्थानांत असंख्य स्त्रिया परपुरुषासमोर येत नसत. मग तो डॉक्टर असला तरी काय झालें! मुंबईस पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या उदार देणगीनें १८८६ सालीं स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं इस्पितळ उघडलें, आणि तें स्त्री-डॉक्टरांच्या हातीं दिलें, त्याचें कारण हेंच होतें. उत्तरेकडे गोषाची चाल अधिकच कडक होती. अडलेल्या बाळंतिणीनें पुरुष डॉक्टरापुढें जाण्यापेक्षां घरांत प्राण सोडावा, हें कुलीनपणाचें लक्षण मानलें जाई. बाहेरून आलेल्यांपैकीं पुष्कळांनीं या चालीला नुसती नांवें ठेविलीं. परंतु नांवें ठेवून एकहि बाळंतीण वांचली नाहीं.

ॲग्नेस मॅक्लारन या स्कॉटिश बाईंनीं या प्रश्नाचा निराळ्या रीतीनें विचार केला. त्यांचा जन्म १८३७ सालीं एडिंबरो येथें झाला. फ्रान्समधील माँपेलिये येथील विद्यापीठांतून त्यांनीं १८७८ सालीं वैद्यकाची पदवी मिळविली, आणि इ. स. १८९८ मध्यें, वयाची साठी उलटल्यावर, त्या कॅथलिक झाल्या. पंजाबांतील स्त्रियांची दशा ऐकून त्यांनीं रावळपिंडी येथें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं सेंट कॅथरीनचें इस्पितळ स्थापण्यास पुढाकार घेतला, आणि सत्तरी उलटल्यावर स्वतः हिंदुस्थानचा प्रवास केला. स्त्रियांना पुरुष चालत नसेल तर आपण स्त्रिया पाठवाव्या, असा त्यांचा सरळ विचार होता. रोग्याच्या चालीवर वाद न घालतां त्यांनीं सेवेचीच घडण बदलली.

पण येथें एक अडचण उभी राहिली, आणि ती पडद्याआडच्या स्त्रियांची नव्हती; ती आपल्या घरचीच होती. व्रतबद्ध धर्मभगिनींनीं वैद्यकाचा, विशेषतः प्रसूतीच्या कामाचा, व्यवसाय करूं नये, असा ख्रिस्तसभेचा त्या काळचा दंडक होता. व्रतस्थ जीवनाचें पावित्र्य राखण्याच्या हेतूनें तो घातलेला होता. पण त्याचा परिणाम असा होई कीं, ज्या स्त्रियांना घरच्या रीतीमुळें पुरुष डॉक्टर चालत नव्हता, त्यांच्यापाशीं ख्रिस्तसभेच्या नियमामुळें धर्मभगिनीहि जाऊं शकत नव्हती. मॅक्लारनबाईंनीं रोमला वारंवार विनंत्या केल्या. इ. स. १९१३ मध्यें त्या निवर्तल्या, तेव्हां तो दंडक जसाच्या तसाच होता.

चार स्त्रिया आणि एक आज्ञापत्र

ऑस्ट्रियांतील टिरोल प्रांतांत १८९२ सालीं जन्मलेल्या ॲना डेंगेल यांचा मॅक्लारनबाईंशीं पत्रव्यवहार झाला होता. प्रत्यक्ष भेट कधींच झाली नाहीं. त्यांच्याच सल्ल्यावरून डेंगेलबाई आयर्लंडांत कॉर्क येथें वैद्यक शिकल्या, १९१९ सालीं पदवीधर झाल्या, आणि १९२० पासून १९२४ पर्यंत त्यांनीं रावळपिंडीच्या त्याच इस्पितळांत काम केलें. हिंदु, मुसलमान, शीख अशा सर्व घरांतील स्त्रिया तेथें येत. दारापर्यंत पुरुष सोबत येत, आंत स्त्रियांचेंच राज्य असे. सुशिक्षित डॉक्टरीण एकटी पडली तर तिचा निभाव लागत नाहीं. तिच्याबरोबर शिकलेल्या परिचारिका हव्यात आणि त्या लोकांत मिसळणाऱ्या हव्यात, ही गोष्ट त्या काळांत त्यांच्या मनांत पक्की झाली.

पुढें ३० सप्टेंबर १९२५ रोजीं अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें दोन डॉक्टर व दोन परिचारिका अशा चौघींनीं एक संघ स्थापिला. पुढें तो 'मेडिकल मिशन सिस्टर्स' या नांवानें प्रसिद्ध झाला. सदर दंडकामुळें त्यांना आरंभीं जाहीर व्रतें घेतां आलीं नाहींत. तरी त्यांनीं एकत्र राहून काम सुरू केलें. रावळपिंडी येथें १९२७ सालीं त्यांचें 'होली फॅमिली' इस्पितळ उघडलें. आज तें पाकिस्तानांत सरकारी व्यवस्थेखालीं चालतें.

अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं, लूर्द येथील मातेच्या सणाच्या दिवशीं, रोमच्या धर्मप्रसार-मंडळानें 'कोन्स्तान्स आक सेदुला' हें आज्ञापत्र काढिलें. माता आणि बालकें यांच्या सेवेसाठीं धर्मभगिनींनीं वैद्यक व परिचर्या यांचें रीतसर शिक्षण घ्यावें, त्यांतील पदव्या मिळवाव्या, यास त्यांत केवळ परवानगीच नव्हे तर उत्तेजन देण्यांत आलें. मॅक्लारनबाईंच्या निधनास तेव्हां तेवीस वर्षें होऊन गेलीं होतीं. या तेवीस वर्षांत गोषाआडच्या किती माता उपचाराविना गेल्या असतील, याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होतें. तरी ख्रिस्तसभा अखेर शिकली, आणि ती शिकली ती दूरच्या निरक्षर स्त्रियांच्या लज्जेपासून, ही गोष्ट आपण अभिमानानें व नम्रतेनें ध्यानांत ठेवावी. परक्यांच्या रीति समजून घेणें हें केवळ एकेका परिचारिकेचें कर्तव्य नाहीं. वरिष्ठांचेंहि तें कर्तव्य आहे.

मॅक्लारनबाईंच्या चरित्राचा दुवा दुसऱ्याहि एका ठिकाणीं जाऊन पोंचला. ऑस्ट्रेलियांतील डॉ. मेरी ग्लाउरी यांनीं १९१५ सालीं त्यांच्याविषयींची एक पुस्तिका वाचली, आणि १९२० सालीं त्या गुंटूर येथें येऊन येशू, मरिया व योसेफ यांच्या नांवानें चालणाऱ्या संघांत धर्मभगिनी झाल्या. त्यांना पोपमहाशयांकडून वैद्यकाची विशेष परवानगी मिळाली होती. एकट्या डॉक्टरिणीनें तेलुगु मुलखांतील एवढ्या रोग्यांना पुरे पडणें अशक्य, हें ओळखून त्यांनीं तेथल्याच मुलींना परिचारिका, सुइणी व औषध तयार करणाऱ्या म्हणून शिकविलें. परक्या बाईला जें वर्षानुवर्षें शिकावें लागतें, तें त्या मुली आईच्या दुधाबरोबरच शिकलेल्या होत्या. इ. स. १९४३ मध्यें ग्लाउरीबाईंच्या पुढाकारानें हिंदुस्थानांतील कॅथलिक इस्पितळांचा संघ स्थापन झाला, आणि तो आजहि कार्य करीत आहे.

खाटेजवळची पाठशाळा

आतां प्रत्यक्ष वॉर्डांत ही विद्या कशी येते, तें पाहूं. भाषेपासूनच आरंभ करूं. केरळांतून आलेली तरुण परिचारिका मुंबईच्या किंवा वसईच्या इस्पितळांत कामास लागते, तेव्हां 'कोठें दुखतें?' हा प्रश्न ती दोन दिवसांत शिकते. पण उत्तरें येतात तीं अशीं : 'अंगांत कसकस आहे', 'पोटांत गोळा उठतो', 'जीव घाबरा होतो'. या शब्दांचा उलगडा तिच्या पुस्तकांत नसतो. 'जीव घाबरा होतो' असें सांगणारी म्हातारी नुसती भ्याली आहे, कीं तिच्या हृदयाला त्रास होत आहे, हें ओळखण्यास तिच्या शब्दांबरोबर तिची नाडी व चेहराहि वाचावा लागतो. अशा वेळीं तिला खरा अर्थ कोण सांगतें? बहुधा वॉर्डांतील जुनी आया, शेजारच्या खाटेवरची बाई, किंवा रोग्याची सून. जी परिचारिका या मंडळींना विचारण्यांत कमीपणा मानीत नाहीं, ती लवकर तयार होते.

कांहीं गोष्टी तर न बोललेल्या असतात. जुन्या वळणाची बाई नवऱ्याचें नांव तोंडानें घेत नाहीं. नोंदवहींतील तो रकाना भरतांना तिच्यावर ओरडण्यापेक्षां तिच्या भावाला विचारणें बरें. जैन गृहस्थ सूर्यास्तानंतर जेवत नाहीं, तर त्याच्या जेवणाची वेळ अलीकडे आणावी. मधुमेहाचा रोगी एकादशी करतो किंवा रोजा पाळतो, हें त्याला आधींच न विचारतां इन्शुलिन दिलें, तर साखर एकाएकीं उतरून प्राणावर बेतूं शकतें. येथें दुसऱ्याच्या धर्माविषयींची विचारपूस ही नुसती सभ्यता राहत नाहीं. ती औषधाइतकीच आवश्यक होते. असें एखादें ज्ञान एका परिचारिकेला झालें म्हणजे तिनें तें पाळी बदलतांना दुसरीला सांगावें. मग तें एकटीचें न राहतां साऱ्या वॉर्डाचें होतें.

या अनुभवाला पुढें शास्त्राचें रूप आलें. मॅडलीन लायनिंगर या अमेरिकन परिचारिकेनें कॅथलिक संस्थांतून शिक्षण घेतलें होतें. इ. स. १९५० नंतरच्या दशकांत सिनसिनाटी येथें मनोरुग्ण मुलांची शुश्रूषा करीत असतां त्यांना आढळून आलें कीं, निरनिराळ्या समाजांतील मुलांना सांत्वन निरनिराळ्या रीतीनें लागतें, आणि याविषयीं आपल्याला कांहींच शिकविलेलें नाहीं. मग त्यांनीं मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, न्यू गिनींतील गाडसप लोकांत राहून निरीक्षण केलें, १९६५ सालीं त्या शास्त्रांत डॉक्टरेट मिळविली, आणि परिचर्येची एक नवी शाखा निर्माण केली. त्यांच्या मतें रोग्याच्या चालीरीतींशीं परिचारिकेनें तीन प्रकारें वागावें : कांहीं चाली राखाव्या, कांहींशीं तडजोड करावी, आणि कांहीं रोग्याच्या संमतीनें बदलाव्या.

आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलींत हें तत्त्व उत्तम लागू पडतें. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, हलक्या हातानें तेल लावणें, या चाली बहुधा राखण्यासारख्या आहेत. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालण्याचा आजीचा आग्रह असेल तर, 'डोळ्यांत नको, तळपायाला तीट लावा' असें सांगावें. आजीचा मान राहतो आणि बाळाचे डोळेहि सुरक्षित राहतात. परंतु विळ्यानें किंवा गंजक्या पात्यानें नाळ कापून तिला शेण वा राख लावण्याची चाल मात्र बदललीच पाहिजे, कारण तिच्यांत धनुर्वाताचें मूळ आहे. ती चाल कायद्याच्या धाकानें सुटली नाहीं. लस, स्वच्छ बाळंतपण आणि सुइणींना हिणवण्याऐवजीं शिकविणाऱ्या परिचारिका, या सर्वांच्या प्रयत्नानें माता व नवजात बालकें यांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झालें, असें २०१५ सालीं जाहीर करण्यांत आलें.

न्यूझीलंडमधील माओरी समाजांतील परिचारिका इरिहापेती राम्सडेन यांनीं या विचाराला आणखी एक मर्मभेदी जोड दिली. सेवा निर्धोक झाली कीं नाहीं, हें परिचारिकेनें ठरवूं नये. ज्याची सेवा झाली त्यानें तें ठरवावें, असें त्यांचें म्हणणें होतें. इ. स. १९९२ मध्यें त्या देशाच्या परिचर्या मंडळानें हें तत्त्व परिचारिकांच्या शिक्षणक्रमांत समाविष्ट केलें. त्यांचा दुसरा आग्रह असा कीं, दुसऱ्याच्या रीतींची यादी पाठ करण्यापूर्वीं परिचारिकेनें स्वतःच्या मनांतील पूर्वग्रह ओळखावे. नुसती यादी पाठ केली तर 'मुसलमान असे, मारवाडी असे' हा नवाच पूर्वग्रह तयार होतो. प्रत्येक मुसलमान रोजा पाळीत नाहीं, आणि प्रत्येक ख्रिस्ती मांसाहार करीत नाहीं. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षां विचारणें हेंच उत्तम.

आपल्यापुरता विचार

आपण कॅथलिक लोकहि दुसऱ्यांच्या दृष्टीनें 'निराळे'च आहों. शस्त्रक्रियेच्या आधीं आपल्या गळ्यांतील स्कापुलार काढून कोपऱ्यांत न टाकतां, तो नीट गुंडाळून नातेवाइकांच्या हातीं देणारी हिंदु परिचारिका, किंवा मरणोन्मुख रोग्यासाठीं धर्मगुरूंना वेळेवर निरोप धाडणारी मुसलमान नर्सबाई, आपल्याला केवढी जवळची वाटते! तोच आदर आपल्या मुलींकडून इतरांना मिळाला पाहिजे. असहाय रोग्याच्या उशाशीं बसून त्याच्या श्रद्धेची अवहेलना करणें किंवा त्याच्या दुर्बलतेचा लाभ घेऊन आपली श्रद्धा त्याच्यावर लादणें, ही ख्रिस्ती सेवा नव्हे. दृष्टांतांतील शोमरोनी मनुष्य जखमी वाटसरूचा धर्म विचारीत बसला नाहीं, आणि त्याला आपला धर्महि सांगत बसला नाहीं. त्यानें त्याच्या जखमा बांधल्या आणि खाणावळीचा खर्च भरला.

आज आपल्या समाजांतील मुली परिचारिका होऊन आखाती देशांत आणि इंग्लंडांत जातात. तेथें त्या स्वतः परक्या असतात. अरबी घरांतील स्त्रीची लज्जा किंवा एकट्या राहणाऱ्या इंग्रज वृद्धाचा अबोला, या गोष्टी त्यांना नव्यानें शिकाव्या लागतात. दूरदेशीं जाणाऱ्या मुलीला निरोप देतांना आईबापांनीं तिला एवढेंच सांगावें कीं, 'ठाऊक नसेल तें विचार, आणि विचारण्याची लाज धरूं नकोस'. तसेंच इस्पितळें चालविणाऱ्या आपल्या संस्थांनीं भेटीच्या वेळा, जेवणाच्या वेळा, नातेवाइकांना जवळ राहूं देण्याचे नियम, हे सर्व अधूनमधून रोग्यांच्याच तोंडून ऐकून तपासावे. १९३६ चें आज्ञापत्र ज्या ख्रिस्तसभेनें काढिलें, तिच्या लेकरांना हें जड जाऊं नये.

इस्पितळाची इमारत देणगीनें उभी राहते आणि यंत्रें पैशांनीं येतात. पण भ्यालेल्या रोग्याला आपल्या माणसाचा हात लाभला असें वाटावें, हें विकत मिळत नाहीं. तें ज्यांनीं रात्री जागून, चुपचाप, खाटेजवळ बसून संपादन केलें, त्या आपल्या धर्मग्रामांतील हयात व दिवंगत परिचारिका भगिनींचें या महोत्सवाच्या वर्षीं कृतज्ञतापूर्वक स्मरण करूं या. रुग्णांचें आरोग्य जी पवित्र मरिया, तिच्या मध्यस्थीनें प्रभु येशू ख्रिस्त त्यांना आपल्या कृपेचें प्रतिफल देवो, आणि त्यांची ही विद्या पुढील पिढींतील मुलींच्या हातीं सुखरूप पोंचो, हीच प्रार्थना.